तिसरा गिअर पुन्हा पुन्हा जळतोय? साठवाला काढून ऐंशीवाला टाकण्याआधी हे वाचा

विषय जनरल मोटर्सच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सांचा: साठवाला म्हणजे ४एल६०ई, ऐंशीवाला म्हणजे त्याहून दणकट ४एल८०ई. आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमची गाडी याच आजारानं पडली आहे का ते कळेल. पूर्ण पाय दाबून दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिन एकदम मोकळं सुटतं. ६२०० वर असलेला आरपीएमचा काटा खाली यायचा सोडून लिमिटरवर, म्हणजे इंजिनाच्या कमाल वेगाच्या मर्यादेवर, जाऊन आदळतो आणि गाडी जागच्या जागी अडखळल्यासारखी होते. अर्ध्याएक सेकंदानं तिसरा पकडतो. सुरुवातीला हे फक्त जोरात पळवतानाच होतं. भाजी आणायला गेलात तर सगळं आलबेल. मग एके दिवशी सिग्नलवरून निघता, पहिला पडतो, दुसरा पडतो आणि त्यापुढे काहीच नाही. रिव्हर्स मात्र शाबूत.

माझी गाडी २००१ ची शेव्हरोले कॅमॅरो झी-२८, ५.७ लिटरचं एलएस-१ इंजिन. कंपनीतून निघाली तेव्हा ३१० हॉर्सपॉवर. ह्यूस्टनला राहतो, रोज ऑफिसला हीच गाडी, आणि वर्षातून चार-पाच वेळा डॅलसला मित्रांकडे. दोन वर्षांपूर्वी टर्बो बसवला, आता चाकांवर मोजलेली ताकद ५८० च्या आसपास आहे. गाडीबरोबर आलेला ४एल६०ई गिअरबॉक्स ९० हजार मैल बिनतक्रार चालला होता. टर्बोनंतर चार महिन्यांत मोडला. त्यात त्याची चूक काहीच नाही. दुप्पट ओझं मी लादलं. पण पुढचे दोन, म्हणजे 'हेवी ड्यूटी' म्हणून बांधून घेतलेले, तेही गेले. एक सात महिन्यांत, दुसरा पाच आठवड्यांत. तिन्ही वेळा एकच रोग, तिसरा-चौथा गायब.

तिसऱ्या वेळी माझं डोकं ठिकाणावर आलं. सात महिन्यांवरून पाच आठवडे, म्हणजे आयुष्य वाढायच्या ऐवजी घटतंय. नुसती ताकद जास्त म्हणून जळत असता तर साधारण तेवढेच दिवस टिकला असता.

नक्की काय जळतंय

आमच्याकडे कुणी पूर्ण नाव घेत नाही, म्हणून मीही ४एल६०ई ला साठवाला आणि ४एल८०ई ला ऐंशीवाला म्हणतो. साठवाल्याचं मूळ १९८२ चा ७००आर४. इलेक्ट्रॉनिक झाला तो १९९३ पासून. गुणोत्तरं (इंजिनाच्या किती फेऱ्यांना बाहेरची एक फेरी) ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०.

यात तिसरा आणि चौथा हे दोन्ही गिअर एकाच क्लच पॅकवर, म्हणजे एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या चकत्यांच्या गठ्ठ्यावर, उभे असतात. तो पॅक इनपुट ड्रमच्या आत इतर क्लचांच्या गर्दीत कोंबलेला असतो, त्यामुळे त्याला जागा कमी आणि दाबाला लागणारं क्षेत्रफळही कमी. दुसऱ्यात असताना बाहेरून एक बँड (पट्टा) आवळलेला असतो. तिसरा टाकायचा म्हणजे तो बँड सुटायला हवा आणि त्याच क्षणी हा पॅक पकडायला हवा. गंमत अशी की पॅक दाबणारं तेलच बँडच्या सर्व्होत (बँड हलवणाऱ्या पिस्टनमध्ये) जाऊन बँड सोडवतं. म्हणजे त्या तेलाचा दाब जरा कुठे गळला की दुहेरी मार: बँड उशिरा सुटतो आणि क्लच अर्धवट पकडतो. अर्धवट पकडलेला क्लच म्हणजे काय ते घाटात हाफ क्लचवर चढवणाऱ्या कोणालाही विचारा.

सगळेच रोग हे नसतात. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम गेले तर तो क्लच नव्हे, सन शेल, म्हणजे आतला गिअर फिरवणारं पत्र्याचं कवच, फुटलाय. हायवेवर ५५-६० मैलांना कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होताना घसरत असेल आणि पी१८७० कोड येत असेल, तर व्हॉल्व्ह बॉडीतल्या (तेलाच्या वाटा ठरवणाऱ्या भागातल्या) कन्व्हर्टर व्हॉल्व्हचं भोक झिजलंय. यासाठी दुसरा गिअरबॉक्स शोधायची गरज नाही, आहे तोच नीट करता येतो.

खात्री करायची तर पॅन, म्हणजे गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं, उतरवा. माझ्या तिसऱ्या बॉक्सचा पॅन उतरवला तेव्हा आधी वास आला, करपलेल्या फोडणीला मशीनच्या तेलाचा वास मिसळला तर जसा येईल तसा. तेल लालाचं तपकिरी झालेलं. पॅनमधल्या चुंबकावर काळी, बोटांना लोण्यासारखी चोपडी लुगदी. दोन बोटांत चोळली तर चरचर लागली नाही. चोपडी लुगदी म्हणजे क्लचचं अस्तर. चरचर लागली, उन्हात चांदीसारखी चमक दिसली, तर धातू झिजतोय: पंप, बुश नाहीतर गिअर. ही पाच मिनिटांची तपासणी आहे, पण आधीच्या दोन्ही वेळा मी ती केली नाही. गॅरेजवाल्यानं 'मोठ्या क्लचांचा टाकू' म्हटलं, मी मान डोलावली.

बॉक्स बदलण्याआधी बॉक्सबाहेर बघा

या वेळी बॉक्स दुसऱ्या मिस्तरीकडे नेला. साठी ओलांडलेला माणूस, घरामागच्या शेडमध्ये काम करतो, दिवसाला एकच बॉक्स उघडतो. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "केस तीच आहे का तिन्ही वेळा?" तीच होती. आतलं सगळं नवं, बाहेरचा ॲल्युमिनियमचा डबा मूळचा.

त्यानं सर्व्हो काढला. त्या भोकाच्या आत केसमध्येच ठोकून बसवलेली एक छोटी कॅप्सूल असते, आत एक गोळी. तिसऱ्याचं तेल आलं की गोळीनं भोक बंद करायचं, एवढंच तिचं काम. त्यानं भोकात सॉल्व्हंट ओतलं, माझ्या हातात टॉर्च दिला आणि केसच्या आत बघायला सांगितलं. भिंतीवरून थेंब ओघळत होते, एकामागून एक, घाई नसल्यासारखे. कॅप्सूल झिजली होती. इतके महिने मी नवे क्लच विकत घेत होतो आणि तेल त्या शेंगदाण्याएवढ्या भोकातून परत जात होतं.

दुसरी चूक संगणकातली, आणि ती पूर्णपणे माझी. मोठे इंजेक्टर टाकल्यावर पीसीएमच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स चालवणाऱ्या संगणकाच्या) तक्त्यांत आकडे मावेनात, म्हणून मी इंजेक्टरचा आकडा आणि हवेचा आकडा दोन्ही निम्मे करून टाकले होते. इंजिन मस्त चालतं, कारण दोघांचं प्रमाण तेच राहतं. पण हाच पीसीएम हवेवरून टॉर्क मोजतो आणि त्या टॉर्कवरून गिअरबॉक्सचा लाइन प्रेशर, म्हणजे तेलाचा मुख्य दाब, ठरवतो. त्याच्या हिशेबी माझं इंजिन निम्म्याच ताकदीचं होतं, आणि तो बिचारा निम्म्या ताकदीला पुरेल एवढाच दाब मागत होता. गेज लावून बघितलं तर पूर्ण थ्रॉटलला काटा दीडशे पीएसआयच्या वर जायलाच तयार नाही. टर्बो बसवून अशी स्केलिंग केलेल्यांनी ट्रान्समिशनचे तक्ते त्याच प्रमाणात वर नेल्याशिवाय एक मैलही जोरात चालवू नये. शंभर डॉलरच्या आत गेज येतो. केसवर त्यासाठी प्लग असतो, तो काढायचा, गेज जोडायचा, नळी काचेपर्यंत आणायची.

तिसरी चूक कूलरची. पहिल्या बॉक्सचं जळकं अस्तर रेडिएटरमधल्या कूलरमध्ये जाऊन बसलं होतं आणि प्रत्येक नव्या बॉक्सला तेच तेल पाजलं जात होतं. परतीची नळी डब्यात सोडून आयडलवर चालवून बघा: वीसेक सेकंदांत एक क्वार्ट तेल यायला हवं. माझ्याकडे करंगळीएवढी धार पडत होती. असे कूलर धुवून साफ होतात असं लोक म्हणतात. मी म्हणतो फेकून द्या. पुढे स्टॅक्ड प्लेटचा मोठा कूलर लावला.

आणि चौथं, जे पाच आठवड्यांच्या बॉक्सला भोवलं. इंजिनच्या ब्लॉकवर मागे दोन डॉवेल पिना असतात, त्या बेलहाउसिंगला (गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडणाऱ्या तोंडाला) नेमकं मध्यावर बसवतात. माझी एक पीन कधीतरी बाहेर राहून गेली होती. बोल्ट घट्ट असले तरी बॉक्स किंचित तिरका बसतो, पंपाचं बुश एका बाजूनं खातो, पुढचं सील गळतं आणि पंपाचा दाब पडतो. दोन-तीन डॉलरची पीन.

हे चारही दोष नवीन बॉक्सनं सुटले नसते. कॅप्सूलचा कदाचित सुटला असता, कारण केस बदलली असती. बाकी तिघांनी ऐंशीवाल्यालाही खाल्लंच असतं.

मग कोणता घ्यायचा

'किती हॉर्सपॉवर झेलतो' या आकड्यावर कुणी विकायला आला तर त्याला गाडीचं वजन, टायर आणि मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर विचारू द्या. न विचारताच आकडा सांगत असेल तर दुसरीकडे जा.

दुरुस्त केलेला, मजबूत केलेला साठवाला वाईट नाही. हलकी गाडी, ४५० च्या आतबाहेर ताकद, टर्बो नाही, तर मी अजूनही तोच घेईन. वजनाला हलका, बोगद्यात (गाडीच्या तळातल्या गिअरबॉक्सच्या पोकळीत) नीट बसतो, काहीच कापावं लागत नाही. पण त्याच्या पहिल्या-दुसऱ्यातली दरी मोठी आहे. ६२०० ला बदलला की इंजिन ३३०० वर पडतं, आणि टर्बोला ३३०० म्हणजे झोपेतून उठवण्यासारखं.

टीएच४०० म्हणजे चारशेवाला. १९६४ पासूनचा, संगणक नाही, लोखंडासारखा टिकाऊ. रोल्स-रॉइसनं वापरला, फेरारीनंसुद्धा ४०० ऑटोमॅटिकमध्ये हाच वापरला. तीन गिअर: २.४८, १.४८, १.००. ओव्हरड्राइव्ह (हायवेवर आरपीएम खाली ठेवणारा वरचा गिअर) नाही, कन्व्हर्टरला लॉक नाही. माझ्याकडे आता ३.७३ चा ॲक्सल आणि २६ इंची टायर आहेत. ७० मैलांना त्याचे साधारण ३३७० आरपीएम होतात, वर कन्व्हर्टरची घसरण वेगळी. डॅलस २४० मैल. चार तास त्या आवाजात बसलात तर गाडी विकून टाकाल. शनिवारी ड्रॅग स्ट्रिप आणि रविवारी कव्हर घालून ठेवायची गाडी असेल, तर मात्र यापेक्षा सोपा आणि स्वस्त उपाय नाही. दोन गिअरचा पॉवरग्लाइड रस्त्यावर टाकायचा विचारही करू नका.

२००-४आर हा गिअरबॉक्सही कधीकधी कुणी सुचवतं. ब्युइक ग्रँड नॅशनलमध्ये टर्बोमागे तोच होता आणि गुणोत्तरं छान आहेत, पण ५८० ला तो टिकवायचा तर ऐंशीवाल्याच्या दुप्पट पैसे ओतावे लागतात.

नवे सहा आणि आठ गिअरवाले मोहात पाडतात. ६एल९० चा पहिला ४.०३ आहे, झेडएफच्या ८एचपी मालिकेचा साडेचारच्याही वर. जड ट्रक हलवायला उत्तम. माझ्या गाडीत रस्त्याच्या टायरवर पहिल्या गिअरमध्ये नुसता धूर. शिवाय माझा पीसीएम त्यांच्याशी बोलत नाही, वेगळा कंट्रोलर लागतो आणि त्याचं ट्यूनिंग शिकणं आलं. कॉम्प्युटरवर रात्री बसायची हौस असेल तर जरूर करा. दिवसभर ऑफिसात कोडच लिहितो, मला ती हौस नाही.

राहिला ऐंशीवाला. १९९१ मध्ये आला, चारशेवाल्याच्याच हाडांवर एक ओव्हरड्राइव्ह आणि लॉक होणारा कन्व्हर्टर चढवलेला. २.४८, १.४८, १.००, ०.७५. मोठ्या ट्रकांमध्ये आणि व्हॅनमध्ये वर्षानुवर्षं ओझी ओढलेला. ७० मैलांना माझे २५३० आरपीएम. ६२०० ला बदलला की ३७०० वर पडतो, म्हणजे टर्बो जागाच राहतो. तोटे आहेतच: साठवाल्यापेक्षा ऐंशी-नव्वद पौंड जड, आतले फिरणारे भाग जाड म्हणून थोडी ताकद स्वतःच खातो, आणि पहिला गिअर उंच. जुन्या ३.२३ च्या ॲक्सलवर हा टाकला असता तर गाडी सिग्नलवरून म्हशीसारखी उठली असती. म्हणून ॲक्सल आधी, बॉक्स नंतर. मूळ दहा बोल्टचा ॲक्सल तसाही या ताकदीला टिकत नाही, त्यामुळे बारा बोल्टचा घेतला तेव्हाच गुणोत्तर बदललं.

यार्डातून घेताना

भंगारात ६.० लिटरच्या १९९९ नंतरच्या ट्रकमधला बघा, त्याचं बेलहाउसिंग एलएसच्या ब्लॉकला सगळ्या बोल्टांनी बसतं. त्याआधीचाही बसतो, वरचा एखादा बोल्ट कमी लागतो इतकंच. १९९७ पासून यातली लुब्रिकेशनची वाट बदलली: कूलरकडून परतणारी नळी बॉक्सच्या मागच्या बाजूला जोडायची असते, जुन्यात दोन्ही पुढे. नव्यात पुढची नळी जाणारी, मागची येणारी. उलट जोडली तर मागच्या भागाला तेल कमी पडतं आणि तुम्ही पुन्हा माझ्यासारखे लेख वाचत बसता.

फ्लेक्सप्लेट (इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारी चकती), क्रँकमागचा स्पेसर, लांब बोल्ट आणि कन्व्हर्टर या चार वस्तू एकाच माणसाकडून, एकत्र ठरवून घ्या. माझ्या इंजिनाची क्रँक आखूड, त्यामुळे सपाट फ्लेक्सप्लेटबरोबर स्पेसर लागला. बॉक्स बोल्ट केल्यावर कन्व्हर्टर पूर्ण मागे ढकला आणि त्याच्या पॅडपासून फ्लेक्सप्लेटपर्यंतची फट मोजा: साधारण ३ ते ५ मिलिमीटर. फट उरतच नसेल तर बोल्ट आवळून जवळ ओढू नका. पहिल्याच स्टार्टला पंप फुटेल. मी ड्रिलचे बिट सरकवून मोजली, एकदा नाही, तीनदा.

यॉक, म्हणजे शाफ्टचा गिअरबॉक्समध्ये शिरणारा तुकडा, बदलावा लागतो, साठवाल्याला २७ दात, ऐंशीवाल्याला ३२. शाफ्ट आखूड करावा लागतो, क्रॉसमेंबर (बॉक्स तोलणारा आडवा दांडा) मागे जातो. आणि आमच्या कॅमॅरो-फायरबर्डवाल्यांसाठी खास दुखणं: मागचा टॉर्क आर्म (ॲक्सलला पिळू न देणारा लांब दांडा) मूळ बॉक्सच्या शेपटीलाच टेकवलेला असतो. ऐंशीवाल्यावर ती जागाच नाही. टॉर्क आर्मचं टोक स्वतःवर घेणारा वेगळा क्रॉसमेंबर मिळतो, तो आधी मागवा. मी नंतर मागवला आणि गाडी अकरा दिवस जॅकवर लटकत राहिली. बोगद्यातही दोन ठिकाणी हातोडा चालवावा लागला. आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. गाडीखालून येणारे घाव ऐकून म्हणाली, "अरे, पत्र्याच्या दुकानात बसलाय का तू?"

वायरिंग फार अवघड नाही. ऐंशीवाल्याला आउटपुटबरोबर इनपुटचाही स्पीड सेन्सर असतो, त्याच्या दोन वायरी पीसीएमपर्यंत नव्यानं न्याव्या लागतात. कनेक्टरमधल्या काही पिना बदलतात आणि पीसीएममध्ये ट्रान्समिशनचा भाग ऐंशीवाल्याचा लिहावा लागतो. हे न करता नुसता अडॅप्टर लावून चालवलीत तर तो भलत्याच वेळी गिअर बदलेल.

तेल कोरड्या कन्व्हर्टरसकट साडेतेरा क्वार्टच्या घरात जातं, डेक्सरॉन ६. आधी सहा-सात टाका, सुरू करा, मग गरम होईपर्यंत थोडं थोडं. पहिले शंभर मैल अर्ध्याच्या वर पाय नको. दुसऱ्या गिअरमध्ये चाकं फिरवून धूर काढता काढता लिव्हर पहिल्यावर ओढायची खोड असेल तर ती आत्ताच सोडा. आतला स्प्रॅग (एकाच दिशेनं फिरू देणारा क्लच) त्यानंच तुटतो.

नऊ हजार मैल झाले. मागच्या महिन्यात मुद्दाम पॅन उतरवला. तेल लाल, चुंबकावर राखाडी रंगाचा हलका थर, नखानं खरवडला तर नखाखाली मावेल एवढाच. जुलैच्या दुपारी आय-४५ वर तेलाचं तापमान १८५ फॅरनहाइटच्या वर गेलं नाही. एक कुरबुर उरली आहे: थंडीत सकाळी पहिल्या दोन मैलांत पहिल्या-दुसऱ्याचा झटका जोरात बसतो, कॉफी सांडते. दाबाच्या तक्त्यात थंड तेलाच्या रांगेत मी आकडे जरा जास्तच चढवलेत असं दिसतंय. या शनिवारी तेवढी रांग दहा टक्क्यांनी खाली आणून बघतो.